वैजनाथरावांचा रोमन रांजण

कालिंदीबाई आता हसत हसत सांगतात, पण त्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा त्यांना हसू सुचलं नव्हतं. चार दिवस सिल्लोडला बहिणीकडं राहून परत आल्या, काखेत हरभऱ्याच्या ढाळ्याची पेंडी, अन् गारखेड्यातल्या त्यांच्या एवढ्याशा अंगणात बघतात तर काय, नवरा पालथा पडलेला. सकाळचे दहा वाजलेले. नवऱ्याच्या शेजारी त्यांचे दवाखान्यातले दोस्त नूरमोहम्मद, तेही पालथे. दोघांचे गाल मातीला टेकलेले, डोळे मिटलेले, अन् दोघांच्या मधी जमिनीतून एका रांजणाचं तोंड वर आलेलं. भिंतीशी द्राक्षाच्या सालींचा ढीग, त्याच्यावर ह्या माश्या.

बाईंना वाटलं, संपलं. एकोणसत्तराव्या वर्षी माणूस प्यायला लागला. अन् एकटा नाय, सोबतीनं.

आता खरं म्हणजे वैजनाथराव खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून घेणारे. त्यांच्या आजोबांकडं सात गावांची पूजा होती. अन् नूरमोहम्मद तर पाच वक्ताचे नमाजी, पानात सुपारी जास्त झाली तरी तोबा करणारे. पण दोन म्हातारे डोळ्यासमोर जमिनीला गाल लावून पडलेले असले की कुणाला कुणाचं चारित्र्य आठवतं?

"अहो," बाई म्हणाल्या.

वैजनाथरावांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. "थांब. ऐकू दे."

"काय ऐकू दे?"

"दो मिनट, भाभी," नूरमोहम्मद मातीतूनच बोलले. "बुडबुडा येतो का बघायलो."

बाईंनी पेंडी खाली ठेवली. मग त्यांची नजर रांजणाच्या काठावर गेली. काठाला हिरव्या रंगाचा ठिपका. हा तर त्यांचाच रांजण. उन्हाळ्याच्या पाण्यासाठी कुंभारवाड्यातून तीन रांजण बोटांनी टिचक्या मारून नाकारले, तेव्हा कुठं हा चौथा पसंत केला होता. पाणीसुद्धा अजून भरलं नव्हतं. तो गळ्यापर्यंत जमिनीत गाडलेला.

बोलायला म्हणून बाईंनी तोंड उघडलं. त्यांचं तोंड उघडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात, हे मी नाय, गल्ली म्हणते. पण तेवढ्यात वैजनाथराव उठून बसले, अन् बाईंना दिसलं की त्यांनी दाढी केलीय. अंगात धुतलेला सदरा, सदऱ्यावर द्राक्षाचे डाग. पायाला चिखल. म्हणजे हा माणूस अंघोळ करून, चप्पल घालून, स्वतःच्या पायानं मंडईत जाऊन आला होता.

बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.

का मिटलं, ते सांगायला पाहिजे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वैजनाथराव अकरा दिवस दवाखान्यात होते. जीव घेऊन परत आले, पण नाक तिथंच ठेवून आले. वास म्हणून काही येईना. आधी सगळे म्हणाले, येईल महिन्याभरात. महिना गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. वास गेला तशी जेवणाची चव गेली. तिखट, गोड, खारट, कडू एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळा चोथा. वरणाला फोडणी घातली काय अन् नाय काय. बाईंनी काय काय करून बघितलं. वांग्याचं भरीत, येसर, शेंगोळे, तुपातलं पुरण. वैजनाथराव दोन घास खायचे, ताट सारायचे अन् म्हणायचे, "चांगलं झालंय." हे "चांगलं झालंय" बाईंच्या काळजात काट्यासारखं रुतायचं. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू अन् निलगिरी हुंगायला सांगितलं. चार दिवस हुंगलं. पाचव्या दिवशी वाट्या बाजूला सारून माणूस भिंतीकडं तोंड करून झोपला, तो झोपलाच. दहा महिन्यांत बारा किलो उतरले. बाई पाठीवरून हात फिरवायच्या तर मणके मोजता यायचे. करायचं काय? मारून मुटकून लेकराला भरवता येतं, नवऱ्याला कसं भरवणार?

अन् आता तोच माणूस अंगणात उकिडवा बसून, डोळे चमकवत सांगत होता, "कालिंदे, ही रोमन दारू आहे."

"कुणाची?"

"रोमन लोकांची. दोन हजार वर्षांपूर्वीची. मी सांगायचो ना, त्या कानाची गोष्ट."

ती गोष्ट बाईंनी चाळीस वर्षांत चारशे वेळा ऐकली होती. वैजनाथराव वस्तुसंग्रहालयात कारकून. चौतीस वर्षं कोठारात बसून खापरांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायचं काम. तिथं पैठणच्या बाजूनं आलेलं एक खापर होतं, कुठल्याशा मोठ्या कुंभाचा कान अन् थोडीशी पोटाची बाजू. साहेबांनी सांगितलं, हा रोमन लोकांचा दारूचा कुंभ, जहाजातून भडोचला उतरला अन् बैलगाडीत बसून इकडं आला. आतून काळा थर होता, राळेचा. वैजनाथराव साहेबांची पाठ वळली की बोट ओलं करून तो थर घासायचे अन् हुंगायचे. त्यांचं म्हणणं, अजून वास येतो. देवळातल्या धुपासारखा, अन् त्याच्या मागं काहीतरी आणखी. ते आणखी काय, हेच त्यांना आयुष्यभर कळलं नाय. साहेब हसायचे. बाई तर हसायच्याच.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर नूरमोहम्मद होते. पडेगावचे. चिकलठाण्याच्या एका बीअरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी. काम टाक्यांचं अन् पाइपांचं. टाकीला कान लावला की आत कितपत आंबलंय ते सांगायचे, पण थेंब कधी जिभेवर घेतला नाय. नाकाला नळ्या लावलेल्या अवस्थेत ह्या दोघांची दोस्ती झाली. नूरमोहम्मदचा वास पंधरा दिवसांत परत आला. वैजनाथरावांचा नाय आला. ह्याचं नूरमोहम्मदला इतकं वाईट वाटायचं, जणू त्यांनीच चुकून दोघांचा उचलून नेला.

"मैं बोल्या, वैजूभाई, तो वास आपण इथंच बनवू," नूरमोहम्मद बाईंना म्हणाले. "डॉक्टर लवंग सुंघो बोलते. लवंग से किसका दिल लगा? ह्याला ज्याचं वेड आहे तेच नाकापुढं ठेवायचं. काय माहीत, नाक जागं झालं तर."

"मग तुमच्या घरी का नाय गाडला?"

"माझी बीवी सगीरा घरातून काढेल, भाभी. मला बी, रांजण बी."

बाईंनी मनात म्हटलं, अन् माझ्याकडं काय आरती ओवाळतील? पण नवऱ्याच्या सदऱ्यावरचे डाग बघितले अन् फक्त एवढंच बोलल्या, "पोलीस आले तर मी तुम्हाला ओळखत नाय. दोघांनाबी."

स्वैपाकघरात गेल्यावर बाकीचं कळलं. पोह्याची कढई राळ वितळवून काळी ठिक्कर पडलेली. मेथ्यांचा डबा रिकामा. वैजनाथरावांकडं एक वही होती, त्यात कुठल्याशा जुन्या रोमन शेतीच्या पुस्तकातलं साहेबांनी समजावून सांगितलेलं उतरून घेतलेलं. द्राक्षाचा रस आटवायचा. भांड्याला आतून राळ लावायची. मेथ्या भिजवून वाटून घालायच्या. मध अन् मिरी मागाहून. मिरी तर इथूनच जहाजं भरून जायची तिकडं, हे वैजनाथराव अशा तोऱ्यात सांगत होते जशी काही त्यांच्याच आजोबांनी पाठवली. अन् शेवटी, समुद्राचं पाणी.

"समुद्राचं पाणी? दारूत?"

"त्याशिवाय टिकत नाय ती."

आता गारखेड्यात समुद्र कुठून आणणार? नूरमोहम्मद म्हणाले होते, मीठ टाकू. वैजनाथरावांना ते पटेना. मीठ म्हणजे मीठ, समुद्र म्हणजे समुद्र. मग त्यांना रामकिसन आठवला. संग्रहालयातला जुना शिपाई, आता लोणारला लेकीकडं राहतो. त्याला फोन केला अन् त्यानं एसटीत बसून पाच लिटरचा कॅन आणून दिला. लोणारच्या तळ्याचं पाणी.

"मोठं आहे, खारं आहे, प्राचीन आहे," वैजनाथराव म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

कालिंदीबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ते मिठाचं खारं नाय. ते पापडखाराचं खारं. माझी आई लोणारचा खार टाकायची पापडात. साबणासारखं असतंय ते."

"अगं, तू बघायला पाहिजे होतंस. ओतल्या ओतल्या असं फसफसून वर आलं. नूरभाईंनी अल्लाचं नाव घेतलं."

"लिंबात खायचा सोडा टाकला तरी फसफसतं. त्याची काय दारू होते का?"

दोघं म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. मग वैजनाथराव म्हणाले, "बायकांना केमिस्ट्री सांगू नये," अन् परत जाऊन मातीला कान लावला. बाईंनी त्या वेळी ताणलं नाय. कारण दुपारी त्या माणसानं पाऊण भाकरी खाल्ली. चव नाय तर नाय, पण उठून कामाला लागायचं म्हणून खाल्ली.

तिथून पुढचे दहा-बारा दिवस म्हणजे काय सांगावं. सकाळी नऊला नूरमोहम्मदची लुना फाटकाशी थांबायची. "सलाम, भाभी. काही बोलला का?" जणू आत रांजण नाय, रुसलेला जावई बसलाय. मग दोघं कान लावायचे. एक बाजूनं हा, एक बाजूनं तो. आत सामसूम. वैजनाथराव म्हणायचे, आज काहीतरी हललं. नूरमोहम्मद टोपी सारखी करायचे. अठ्ठावीस वर्षं टाक्या ऐकलेला कान, त्याला खोटं ऐकू कसं येणार?

मधल्या काळात नूरमोहम्मदनं रोमन बीअरचंही काढलं. त्यांच्या सैनिकांना म्हणे जवाची बीअर लागायची. वैजनाथराव म्हणाले, रोमन लोक बीअरला हलकं समजायचे. नूरमोहम्मदला ते लागलं. "तुमच्या साहेब लोकांची दारू, आमच्या शिपायांची बीअर. बघू कोण पहिल्यांदा उठतं." त्यांनी जव भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, कालिंदीबाईंच्या ओट्यावर टोपलीखाली ठेवून दिले. सांगायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी बाईंना फडक्यात चांगले लांब मोड आलेले दिसले. मोड आलेलं दिसल्यावर मराठी बाई काय करणार? कांदा चिरला, हिंग-मोहरीची फोडणी दिली, वरून गोडा मसाला. नूरमोहम्मद आले तेव्हा त्यांची बीअर ताटलीत, बाजूला लिंबाची फोड.

त्यांनी ताटलीतला एक मोड चिमटीत उचलून बघितला. "भाभी, ही रोमन फौज होती."

"मग खा. फौज गार झाली की चाववत नाय."

गरमपण चाववत नव्हती. तिघं अर्धा तास रवंथ करत बसले. वैजनाथराव त्या दिवशी दहा महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाईंनी पदर तोंडाला लावला अन् आत गेल्या. त्यांना वाटलं, आता रांजणात काहीतरी होऊ दे बाबा. नाय झालं तर हे हसू परत भिंतीकडं तोंड करून झोपेल.

त्या दिवसापासून बाईंना रांजणाचा घोर लागला. दुपारी वैजनाथराव लवंडले की त्या हळूच अंगणात जायच्या. आंबोळीचं पीठ आंबायला ठेवताना ऊब देतात, तशी त्यांनी जुनी चादर चौपदरी करून रांजणाच्या तोंडावर गुंडाळली. एकदा चमचाभर गूळपण टाकला. अन् एकदा, शेजारची द्वारकाबाई गच्चीवर नाय ना हे बघून, त्या स्वतः गुडघे टेकून खाली वाकल्या अन् कान लावला. त्यांच्या घराण्यात कांदासुद्धा चातुर्मासात आत येत नव्हता. अन् त्या देवाला काय मागत होत्या, तर दारू होऊ दे. मागताना स्वतःलाच लाज वाटली, तरी मागितलं. आत काही नाय. माती गरम, अन् आतून एकदम मुकी.

बाराव्या दिवशी नूरमोहम्मद अंगणात आलेच नाय, फाटकाशीच थांबले. बाईंना हातानं बोलावलं.

"माल मेला, भाभी," ते म्हणाले. "खरं म्हणजे जिता झालाच नव्हता. रस शिजवला तिथं आंबवणारा अर्धा जीव गेला, अन् त्या लोणारनं बाकीचा घेतला. पहिल्या दिवशी फसफसलं ते तुम्ही बोलल्या तेच. मला चौथ्या रोजी कळलं होतं. पर बोलू कसं? तो माणूस रोज दाढी करायलाय."

बाईंनी फाटक हळूच लोटून घेतलं. रोज दाढी करतोय हे त्यांनाही दिसत होतं.

"झाली म्हणून सांगू," बाई म्हणाल्या. "त्यांना कुठं वास येतोय? आपण म्हणायचं, मस्त झाली."

नूरमोहम्मदनं त्यांच्याकडं बघितलं. "झूट बोलू?"

"मी बोलते. तुम्ही फक्त मान हलवा."

दोघं आत आले. वैजनाथराव अंगणात पाट टाकून बसलेले, समोर कालथा, पितळी पळी, तीन वाट्या. आज उघडायचं ठरलं होतं. चादर काढली, झाकण काढलं. वैजनाथराव ओणवे होऊन तोंड रांजणाच्या आत नेऊन बसले. किती वेळ. पाठीचे मणके सदऱ्यातून दिसत होते. मग डोकं वर काढलं.

"मला काही येत नाय," ते म्हणाले. एवढंच. अन् बाईंकडं बघितलं. "तू सांग."

बाई वाकल्या. वास आला तो असा, की मेथीचे लाडू कुणी साबणाच्या पेटीत ठेवलेत. "झालीय," त्या म्हणाल्या. "छान झालीय."

"कसा वास आहे?"

आता आली का पंचाईत. बाईंनी जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. खोटं बोलायलाही थोडी माहिती लागते. "दारूसारखा," त्या म्हणाल्या.

"दारूसारखा म्हणजे?"

"म्हणजे... असा... लागल्यासारखा."

वैजनाथरावांनी नूरमोहम्मदकडं बघितलं. नूरमोहम्मद मान हलवायची म्हणून इतक्या जोरात हलवत होते की टोपी सरकली.

"नाय झाली ना," वैजनाथराव म्हणाले.

ते पाटावरून उठले, गुडघ्याला हात लावून, सावकाश. घरात गेले. खाट करकरली. बाईंनी दारातून बघितलं, भिंतीकडं तोंड. दहा महिने जी पाठ बघितली, तीच पाठ. औषध नाय, देव नाय, रांजण नाय. आता काय गाडायचं अंगणात?

बरं, बाईंची सवय अशी, की रडू आलं की आधी भांडण येतं.

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," त्या दारातून म्हणाल्या. "त्या लोणारच्या पाण्यानं खारट करून टाकलंत सगळं. चांगली वीस किलो द्राक्षं, नुसती खारट."

पाठ हलली नाय.

"खारट खार."

"खारट नाय झालं," भिंतीकडून आवाज आला.

"मग काय झालं?"

"झालंच असलं तर कडू झालं असंल. मेथ्या जास्त पडल्या. लोणारचं पाणी दोनच वाट्या होतं."

"दोन वाट्यांनी पन्नास पापड होतात. तुमच्या रांजणाचं काय घेऊन बसलात. खारट आहे."

"तू चव घेतलीस?"

"वास घेतला ना. तुम्हाला कळणारे का?"

वैजनाथराव उठून बसले. "नाक गेलंय माझं. जीभ नाय गेली. कडू अन् खारट मला कळतं." अन् अनवाणीच अंगणात आले. पितळी पळी रांजणात घातली.

"अहो, दारू आहे ती," बाई म्हणाल्या.

"नाय, भाभी," नूरमोहम्मद म्हणाले. "एक बुडबुडा नाय आला. ह्याच्यात नशा असेल तर तुमच्या वरणात बी आहे. हा काढा आहे, काढा. बिघडली म्हणून तर आपल्याला चालते." अन् त्यांनीच पहिल्यांदा वाटी पुढं केली.

वैजनाथरावांनी घोट घेतला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं की उजवा डोळा मिटूनच राहिला. "कडू," ते म्हणाले. "विषासारखं कडू. अगं भाकरी दे, काहीतरी दे, तोंड गेलं."

बाईंनी आतून सकाळची भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी आणली. वैजनाथरावांनी तुकडा मोडला, तोंडात कोंबला. दुसरा मोडला. चावता चावताच बोट रोखलं. "कडू आहे. मेथी आहे. लोणारचा काही संबंध नाय."

"खारट असणार."

"नूरभाई, सांगा."

नूरमोहम्मद डोळे मिटून, हात छातीवर ठेवून घोट खाली जायची वाट बघत होते. "मैं मियाँ-बीवी के बीच में नक्को," ते कसेबसे म्हणाले. "माझी जीभ आता कुणाचीच नाय."

"मग तूच घे," वैजनाथराव बाईंना म्हणाले. अर्धी भाकरी संपली होती. "घे की. घाबरतेस?"

"घाबरायला काय झालं? आण इकडं."

सात गावांची पूजा असलेल्या घरातल्या सुनेनं, अंगणात, दिवसाढवळ्या, नळावर हात धुऊन वाटी तोंडाला लावली. गच्चीवर द्वारकाबाई वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायचं विसरून उभी. बाईंनी घोट तोंडात धरला, फिरवला. त्यांना मनापासून खारट लागायला हवं होतं. आधी थोडं गोड लागलं. मग काहीच नाय. मग जिभेच्या मुळापासून जे उठलं ते डोक्यापर्यंत गेलं.

त्यांनी गिळलं. पदरानं ओठ पुसले. वैजनाथराव चटणीला लावलेला शेवटचा घास हातात धरून बघत होते.

"बोल. खारट का कडू?"

बाई वाटी विसळायला नळाकडं वळल्या.

"कालिंदे."

"कडू," त्या म्हणाल्या.

"खारटाचं काय?"

"नाय खारट."

"नूरभाई, ऐकलं ना?" वैजनाथराव म्हणाले, अन् शेवटचा घास तोंडात टाकला.